पॅनिकसाठी थेरपी घ्यायची, पण नेमकी कोणती?

आपल्याकडं, म्हणजे लातूर काय नांदेड काय परभणी काय, पॅनिक अटॅकचा पेशंट आधी हार्टच्या डॉक्टरकडंच जातो आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही, कारण छातीत धडधडतंय, घाम फुटलाय, हाताला मुंग्या आल्यात, श्वास पुरत नाही म्हटल्यावर माणूस दुसरीकडं जाणार तरी कुठं. मग ईसीजी होतो, टूडी इको होतो, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघतात (ते बघायलाच पाहिजे, ती पायरी सोडू नका). सगळं नॉर्मल येतं. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, आणि डॉक्टर जरा जास्त चांगले असले तर म्हणतात एखादं काउन्सेलिंग घेऊन बघा. पण त्या काउन्सेलिंगच्या खोलीत बसून नेमकं काय करणार आहेत हे कुणी सांगत नाही, आपणही विचारत नाही. पॅनिक डिसऑर्डरमध्ये सगळा फरक तिथंच पडतो असं माझं ठाम मत झालंय, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

मला स्वतःला हा आजार होता. माझ्या मामेबहिणीलाही होता, ती संभाजीनगरला असते. आम्ही दोघी बऱ्या झालो पण दोन अगदी वेगळ्या थेरप्यांनी, आणि त्याआधी दोघींनी थोडंफार इकडंतिकडं करून बघितलं. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते त्यामुळं एखादी गोष्ट मागं लागली की तिचे पेपर शोधून वाचायची सवय आहे, तसं हेही वाचलं. तरी मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी एक गोष्ट. एखादा अटॅक येऊन जाणं म्हणजे पॅनिक डिसऑर्डर नाही. अटॅक कितीतरी लोकांना आयुष्यात कधीतरी येतो, परीक्षेच्या आधी, कुणी गेल्यावर. डिसऑर्डर तेव्हा म्हणतात जेव्हा अटॅक परत परत, कारण नसताना येतात आणि नंतर महिनाभर तरी माणूस "आता परत येतो की काय" याच धास्तीत राहतो किंवा त्या भीतीनं एकेक गोष्ट सोडत जातो. आधी बस सोडली, मग गर्दीची लग्नं, मग गंजगोलाईत खरेदीला जाणं, मग एकटीनं घरात राहणं. अटॅक स्वतः काही मिनिटांत टोकाला जातो आणि उतरतो, पण ही धास्ती चोवीस तास चालू राहते, आणि थेरपी खरं तर या धास्तीवर करायची असते. चिंतारोगाच्या मोठ्या गाठोड्यातून पॅनिक डिसऑर्डर वेगळा आजार म्हणून बाहेर काढला तो अमेरिकेच्या डीएसएमच्या (मानसिक आजारांची यादी आणि निकष देणारं पुस्तक) तिसऱ्या आवृत्तीत, १९८० साली. म्हणजे तसा नवाच आजार, नावानं तरी. त्रास मात्र जुनाच, आमच्या आजीच्या बोलण्यात "जीव घाबरायलाय", "काळीज उडायलंय" हे कायम असायचं.

आता थेरप्या. सगळ्यात जास्त जी मिळते ती म्हणजे ऐकून घेणारी, धीर देणारी. मी पहिल्यांदा जिथं गेले तिथं हेच होतं. बाई खूप प्रेमळ होत्या, दर वेळी तासभर ऐकून घ्यायच्या, घरचं विचारायच्या, शेवटी सांगायच्या पॉझिटिव्ह विचार करा, सकाळी फिरायला जा, छंद जोपासा. बाहेर पडताना हलकं वाटायचं हे खरंय. पण त्याच संध्याकाळी भाजी घेताना छातीत एक ठोका चुकल्यासारखा व्हायचा आणि मी होते तिथंच. अटॅक म्हणजे काय, शरीरात काय होतं, ठोका चुकल्यावर मी डोक्यात काय बोलते, यातलं एक अक्षर त्या खोलीत कधी निघालं नाही. आधार देणारी थेरपी फुकट असते असं मी म्हणणार नाही, उलट रिसर्चमध्ये तिची कामगिरी लोकांना वाटते तेवढी वाईट दिसत नाही, पण पॅनिकवर नेम धरून केलेलं काम ते नव्हे.

दुसरी रिलॅक्सेशन. यात दोन प्रकार आहेत आणि ते एक समजू नका. एक म्हणजे नुसतं डोळे मिटून अंग सैल सोडा, संगीत ऐका, श्वास मोजा. दुसरं अप्लाइड रिलॅक्सेशन, ते स्वीडनच्या लार्स-योरान ऊस्ट यांनी नीट बसवलेलं तंत्र आहे, १९८७ मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं. त्यात आधी एकेक स्नायू आवळून सोडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, मग पायरीपायरीनं वेळ कमी करत करत वीस-तीस सेकंदांत अंग सैल करता आलं पाहिजे, आणि शेवटी ते खऱ्या प्रसंगात, भीती नुकती डोकं वर काढत असताना वापरायचं. मेहनतीचं काम आहे. माझ्या बहिणीनं हे केलं, तिला झोप चांगली लागायला लागली, मान-खांदे मोकळे झाले, पण अटॅक आले की ती म्हणायची मी आता रिलॅक्स झालेच पाहिजे, आणि होत नाही म्हणून अजून घाबरायची. काही लोकांना तर अंग सैल सोडल्यावरच भीती वाटते, हेही डॉक्टरांना माहीत असलेलं आहे.

तिसरी सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. हिच्यावर मी जरा थांबणार आहे कारण मी हिनंच बरी झाले आणि पॅनिकवर सगळ्यात जास्त अभ्यास हिचाच झालाय.

१९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं एक साधी मांडणी केली. शरीरात एखादी संवेदना होते, धडधड समजा, किंवा उभं राहताना आलेली चक्कर. माणूस तिचा सगळ्यात भयंकर अर्थ लावतो, की हा हार्ट अटॅकच, मी आता पडणार, मी वेडी होणार. त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं अ‍ॅड्रेनलिन वाढतं, त्यानं धडधड अजून वाढते, मग खात्रीच पटते. श्वास भराभर घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं हातापायाला मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं. म्हणजे "ऑक्सिजन कमी पडायलाय" असं वाटत असताना ऑक्सिजन भरपूर असतो. मी कोविडनंतर वर्षानुवर्षं पर्समध्ये ऑक्सिमीटर घेऊन फिरत होते, कॉलेजच्या बाथरूममध्ये जाऊन बोट घालून बघायचे, ९८ आलं की पाच मिनिटं बरं वाटायचं.

त्याच काळात अमेरिकेत डेव्हिड बार्लो आणि मिशेल क्रॅस्के यांनी पॅनिकसाठी जी पद्धत बसवली तिचा गाभा म्हणजे ज्या संवेदनेची भीती वाटते ती मुद्दाम अंगात आणायची. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या सायकॉलॉजिस्ट मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान, त्यांनी ड्रॉवर उघडून एक बारीक स्ट्रॉ काढली, ज्यूसच्या छोट्या पाकिटाला चिकटवलेली असते तसली. म्हणाल्या, "नाक धरा आणि एक मिनिट फक्त यातून श्वास घ्या. त्याआधी मला सांगा, काय होईल असं वाटतं?" मी म्हटलं मी बेशुद्ध पडेन. "किती खात्री?" म्हटलं ऐंशी टक्के. ते त्यांनी वहीत लिहिलं, मोबाइलवर वेळ लावला आणि स्वतःही एक स्ट्रॉ घेऊन माझ्यासोबत बसल्या. तिसाव्या सेकंदाच्या आसपास छाती आवळली, कान तापले, अगदी तीच भावना, जी बसमध्ये यायची. मिनिट संपलं. मी खुर्चीतच होते. त्यांनी वही पुढं केली आणि विचारलं, "पडलात का?" मग लगेच परत एकदा. परत. नंतर गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं, एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास, मग त्या बिल्डिंगचे जिने धावत वर-खाली. धडधड तीच, घाम तोच, पण आता तो मी बोलावून आणलेला होता.

बेशुद्ध पडायचं म्हणाल तर ब्लड प्रेशर एकदम खाली यावं लागतं, आणि पॅनिकमध्ये ते उलट चढलेलं असतं. त्यामुळं अटॅकमध्ये भोवळ येऊन पडणं फार क्वचित होतं (रक्त किंवा सुई बघून ज्यांना चक्कर येते त्यांचं गणित वेगळं). हे मला बायोलॉजी शिकवून माहीत होतं. माहीत असून उपयोग नव्हता, हे अंगाला कळायला पाहिजे होतं आणि ते त्या स्ट्रॉनं कळलं.

पूर्वी असं सांगायचे की भीतीत थांबायचं आणि भीती खाली येईपर्यंत वाट बघायची. आता क्रॅस्के आणि इतर लोक म्हणतात भीती उतरली की नाही याला एवढं महत्त्व नाही, तुम्ही जे होईल म्हणून घाबरला होता ते झालं का, हे मेंदूनं शिकायला पाहिजे. आणि त्यासाठी कुबड्या काढाव्या लागतात. माझ्या कुबड्या म्हणजे पाण्याची बाटली, ऑक्सिमीटर, एसटीत दारालगतची सीट, पर्समधली अल्प्राझोलमची (भीती लगेच दाबणारी गोळी) पट्टी, आणि नवऱ्याचा नंबर डायल करून तयार ठेवलेला मोबाइल. एकेक करून काढल्या. सासूबाईंनी बांधलेला धागा होता त्याबद्दल मी घाबरत घाबरत विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "धागा राहू द्या ना, पण आज धाग्यामुळंच वाचले असं मनात येतंय का तेवढं बघत जा." मला त्यांचा हा समजूतदारपणा फार आवडला. नाहीतर आपल्याकडं एकीकडून "बाहेरचं झालंय, उतारा टाका" आणि दुसरीकडून "ही सगळी अंधश्रद्धा", मधल्यामधी पेशंट.

उन्हाळ्याचं सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्यात हे सापडत नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, वर लाइट गेलेली, तेव्हा नुसतं बसूनही छाती धडधडते, घाम येतो, गरगरतं, म्हणजे पॅनिकची सगळी लक्षणं ऊनच देतं. त्या दिवसांत अटॅक वाढतात असा माझा तरी अनुभव आहे. थेरपीत असताना उन्हातलं चालणं पूर्ण सोडायचं नाही पण भर दुपारी मुद्दाम एक्सपोजर (ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जाणं) करायला पण जायचं नाही, उष्माघात खरा असतो. तहान लागली की पाणी प्यायचंच. आणि बाटली "जीव वाचवायला" सोबत असली तर तिच्यावर काम करायचं. हा फरक मॅडमनी नीट समजावला.

माझी शेवटची मोठी पायरी तुळजापूर होती. दर्शनाच्या बारीत एकदा त्या लोखंडी बारच्या आत शिरलं की मागं पण माणसं आणि पुढं पण, निघायचं म्हटलं तर निघता येत नाही, आणि मी कित्येक वर्षं देवीला बाहेरूनच हात जोडून परत यायचे. आई म्हणायची, "काय व्हायलंय गं बाई तुला, एवढ्या लांब येऊन तोंड न दाखवता जायलीस." आधी साध्या दिवशी, कमी गर्दीत, नवरा बाहेर थांबून. मग मंगळवारी. मग एकटीनं, मोबाइल लॉकरमध्ये ठेवून. दोनदा बारीत धडधड जोरात आली, मी तिथंच उभी राहिले आणि पुढची बाई तिच्या लेकराला पेढा भरवत होती तिच्याशी बोलत राहिले नाही, मुद्दाम गप्प राहून धडधड होऊ दिली, कारण बोलत राहणं हीसुद्धा माझी एक कुबडीच होती.

चौथी, सायकोडायनॅमिक. हिचं नाव काढलं की लोकांना वाटतं कोचावर पडून बालपण आठवायचं आणि दहा वर्षं पैसे भरायचे. पण न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमध्ये बार्बरा मिलरोड यांनी खास पॅनिकसाठी थोड्या मुदतीची पद्धत तयार केली, आठवड्याला दोनदा, बारा आठवडे. यात संवेदना मुद्दाम आणत नाहीत. विचारतात की अटॅक सुरू झाले तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं, कुणाचा राग गिळला होता, कुणापासून तुटायची भीती होती. माझ्या बहिणीचं उदाहरण (तिला विचारून लिहितेय). वडील गेल्यावर भावानं हक्कसोडपत्रावर सही मागितली होती. ती सगळ्यांना सांगायची मला जमीन नकोच, मी आनंदानं देते, भाऊ-बहिणीत कसला हिशोब. आणि रजिस्ट्री ऑफिसला जायचं ठरलं की दोन दिवस आधी अटॅक. तिला स्वतःला हा संबंध दिसलाच नव्हता, तिच्या मते अटॅक "कारण नसताना" येत होते. थेरपिस्टबरोबर, ऑनलाइन, हळूहळू निघालं की तिला भावाचा प्रचंड राग आला होता आणि राग दाखवला तर माहेर तुटेल ही भीती त्याहून मोठी होती. शेवटी तिनं भावाला फोन करून सांगितलं की मला विचार करायला वेळ पाहिजे. एवढंच. अटॅक एका दिवसात गेले नाहीत, पण त्या काळापासून कमी होत गेले. हिला स्ट्रॉ देऊन कितपत फरक पडला असता मला सांगता येत नाही, पण राग बाहेर निघायला दुसरी वाट नव्हती हे मी जवळून बघितलंय.

आता रिसर्च काय म्हणतो ते. क्लार्क यांच्या १९९४ च्या अभ्यासात ६४ पेशंट होते, कॉग्निटिव्ह थेरपी, अप्लाइड रिलॅक्सेशन आणि इमिप्रामिन ही गोळी अशी तुलना होती, तीन महिन्यांनी कॉग्निटिव्ह थेरपी दोन्हींच्या पुढं होती. मिलरोड यांच्या २००७ च्या अभ्यासात ४९ पेशंट, त्यात सायकोडायनॅमिकवाल्यांपैकी ७३ टक्क्यांना फरक पडला आणि रिलॅक्सेशनवाल्यांपैकी ३९ टक्क्यांना. मग २०१६ मध्ये त्यांनीच दोन ठिकाणी मिळून २०१ पेशंटवर सीबीटी, सायकोडायनॅमिक आणि रिलॅक्सेशन तिन्ही लावून बघितल्या, तर न्यूयॉर्कमध्ये तिन्हींत खास फरक निघाला नाही आणि पेनसिल्व्हेनियात सीबीटी आणि रिलॅक्सेशन पुढं गेल्या. रिलॅक्सेशनमध्ये मात्र अर्ध्यातून सोडून जाणारे जास्त होते. त्याच वर्षी कॉक्रेननं (उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) ५४ अभ्यास, ३०२१ पेशंट एकत्र करून बघितलं, आणि त्यांचं म्हणणं असं की कुठलीच एक थेरपी निर्विवाद पहिली आली असं म्हणता येत नाही, सीबीटी बऱ्याचदा पुढं असते पण अंतर लहान आहे, सायकोडायनॅमिक आशादायक दिसते पण तिचे अभ्यास फार थोडे.

हे वाचून "मग कुठलीही घ्या" असं वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. २०१८ मध्ये सीबीटीचे तुकडे पाडून कुठला तुकडा काम करतो हे बघणारा अभ्यास आला, त्यात संवेदना मुद्दाम अंगात आणणं आणि समोरासमोर बसून थेरपी घेणं याच्याशी चांगला रिझल्ट जोडलेला निघाला, आणि स्नायू सैल करण्याचा भाग असला तर रिझल्ट उलट कमी. म्हणजे सीबीटी असं पाटीवर लिहिलेलं असून आत नुसतं रिलॅक्सेशन आणि विचारांचे तक्ते भरणं चालू असेल तर तुम्हाला सीबीटीचा जो जोरदार भाग आहे तो मिळतच नाहीये. माझा सगळा जीव तुटतो तो याच्यावर. लोक पैसे भरतात, गावाकडून दोन बस बदलून येतात, आणि "मी सीबीटी केली, फरक नाही पडला" म्हणून नाद सोडून देतात.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. मी एस्सिटॅलोप्रॅम (नैराश्य आणि चिंतेवरची रोज घ्यायची गोळी) घेत होते, सायकियाट्रिस्टनी दिलेली, आणि तिनं मला थेरपीपर्यंत चालत जाण्याइतकं बळ दिलं. बार्लो यांच्या २००० सालच्या ३१२ पेशंटच्या अभ्यासात उपचार चालू असताना गोळी आणि सीबीटी दोन्ही उपयोगी पडले, पण सगळं बंद केल्यावर सहा महिन्यांनी नुसत्या सीबीटीवाल्यांचा फायदा जास्त टिकला, गोळी-सीबीटी एकत्र घेणाऱ्यांचा कमी. अल्प्राझोलमसारखी गोळी अटॅकच्या क्षणी घेत राहिलं तर माणूस गोळीलाच श्रेय देतो आणि शिकायचं ते राहून जातं. पण स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही, अल्प्राझोलम तर अजिबातच नाही, एकदम सोडली तर भयंकर त्रास होतो. डॉक्टरांना सांगून हळूहळू.

मराठवाड्यात हे सगळं मिळतं का? सायकोडायनॅमिकवाले माझ्या माहितीत इकडं जवळपास नाहीतच, बहिणीलाही ऑनलाइनच घ्यावी लागली. सीबीटी येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मोठ्या शहरांत आहेत, तालुक्याला अवघड. त्यांचं आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषद, यांची नोंदणी तिथं होते) रजिस्ट्रेशन आहे का विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सरकारी मेडिकल कॉलेज आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं गर्दी असली तरी निदान पक्कं होतं आणि ते कमी पैशात. टेली-मानसचा (सरकारची मानसिक आरोग्याची फोन-सेवा) १४४१६ नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आपल्या जिल्ह्यात पुढं कुठं दाखवायचं हे तिथं विचारता येतं.

म्हणून कुणी मला विचारलं तर मी आधी अशी सीबीटी सांगते ज्यात संवेदना मुद्दाम आणतात, आणि अटॅक घरातल्या एखाद्या माणसाशी, वाटणीशी, कुणाच्या जाण्याशी बांधलेले दिसत असतील किंवा सीबीटी नीट करूनही हललं नसेल तर सायकोडायनॅमिक. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: पॅनिकसाठी तुम्ही खोलीत काय करून घेता, धडधड-चक्कर मुद्दाम आणायचे व्यायाम घेता का, घरी काय करायला देता, साधारण किती सेशन लागतील. इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या सल्ल्यात पॅनिकसाठी सीबीटी एकूण सात ते चौदा तासांची सांगितलीय, म्हणजे "बघू, वर्षभर येत राहा" असं उत्तर आलं तर का म्हणून विचारायचा तुम्हाला हक्क आहे. हार्टचा आजार, दमा, फिट्स, प्रेग्नन्सी असेल तर हे व्यायाम करण्याआधी डॉक्टरांना विचारा, चांगला थेरपिस्ट हे स्वतःच विचारतो. आणि पहिल्या काही सेशननंतर घरी गेल्यावर आधीपेक्षा जास्त घाबरल्यासारखं वाटू शकतं, मला वाटलं होतं, तेव्हा नेमकं अपॉइंटमेंट कॅन्सल करू नका, जाऊन हेच त्यांना सांगा.